काचपेटीतील समुद्र

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की नावाचे एक गाव आहे. १८४६ च्या शरद ऋतूत तेथे अ‍ॅना थिन नावाची एक सुशिक्षित स्त्री मुक्कामास होती. तिचे यजमान लॉर्ड जॉन थिन हे लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी ह्या प्रख्यात चर्चचे उपाधिकारी होते. बाईंना भूगर्भशास्त्राची आवड होती. खडकात दडलेल्या प्रवाळांचे अश्मीभूत सांगाडे त्यांच्या परिचयाचे होते. परंतु तोच प्राणी जिवंतपणी खडकाला चिकटून राहतो, आपले पारदर्शक हात पसरतो आणि भक्ष्य पकडतो, हे त्यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावर प्रथम पाहिले. आपल्याकडे नथीत किंवा अंगठीत जडविले जाणारे पोवळे भूमध्य समुद्रातील लाल प्रवाळाचे असते. हे प्रवाळ त्याचे दूरचे नातलग, रंगाने फिकट आणि आकाराने पेल्यासारखे. बाईंनी त्यांपैकी काही दगडी बरणीत समुद्राच्या पाण्यात घातले आणि लंडनला आणले.

लंडनपासून समुद्र जवळ नाही. प्रवाळ घरी पोहोचले तेव्हा जिवंत होते. पण उद्या काय, हा प्रश्न होता. बरणी हलली की ते एकमेकांवर आपटत, म्हणून बाईंनी सुईदोऱ्याने त्यांना एका मोठ्या स्पंजावर टाचून बसविले व तो स्पंज काचेच्या भांड्यात ठेवला. आरंभी ताजे समुद्राचे पाणी आणवून बदलले जाई. पण किनाऱ्याहून नियमित पाणी मागविणे कोणालाही परवडण्याजोगे नव्हते. तेव्हा तेच पाणी पुन्हा वापरण्याची युक्ती निघाली. उघड्या खिडकीशी उभे राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून पाणी ओतायचे, पुन्हा परत ओतायचे, आणि हे अर्धा-पाऊण तास चालू ठेवायचे. पडणाऱ्या धारेत हवा मिसळते आणि पाणी पुन्हा ताजे होते.

हे काम बाई स्वतः करीत नव्हत्या. घरात एक लहान मोलकरीण होती. ती ते करी. तिला ते गमतीचे वाटे, असे बाईंनी मागाहून लिहून ठेवले आहे. तिला खरोखर काय वाटे, हे मात्र तिला कोणी विचारलेले दिसत नाही, आणि तिचे नावही त्या वृत्तान्तात ठळकपणे कोठे येत नाही. पुढल्या वर्षी बाईंनी भांड्यात समुद्रशैवल लावले, त्यामुळे तिचे श्रम काहीसे हलके झाले असावेत. ते प्रवाळ जवळजवळ तीन वर्षे जगले, इतकेच नव्हे तर त्यांची प्रजाही वाढली. समुद्रापासून दूर, घरातील खोलीत, काचेच्या भांड्यात प्रवाळ दीर्घकाळ जगविल्याचा हा पहिला विश्वसनीय दाखला मानला जातो. १८५९ मध्ये एका निसर्गविषयक नियतकालिकात बाईंचा लेख छापून आला. तोवर ह्या विद्येचे श्रेय इतरांच्या नावावर जमा होऊ लागले होते.

तसे पाहिले तर काचेच्या पेटीत समुद्री जीव ठेवून पाहण्याची कल्पना त्याहूनही आधीची आहे, आणि तीही एका स्त्रीचीच. झान व्हिल्प्रू ही फ्रान्समधील झ्युइयाक ह्या खेड्यातील मुलगी. ती पॅरिसला जाऊन शिवणकाम शिकली. १८१६ मध्ये राजघराण्यातील एका विवाहाचा पोशाख तिने तयार केला आणि तिचे नाव झाले. पुढे जेम्स पॉवर ह्या व्यापाऱ्याशी विवाह करून ती सिसिली बेटावरील मेसिना येथे राहावयास गेली. तेथील समुद्रात आर्गोनॉट नावाचा आठ हातांचा एक प्राणी असतो. त्याची मादी कागदासारख्या पातळ शिंपल्यात राहते. हा शिंपला त्या प्राण्याचा स्वतःचा, की दुसऱ्या कोणाचा बळकावलेला, ह्यावर विद्वानांचा वाद चालू होता. मेलेले नमुने मद्यार्कात बुडवून तो मिटण्यासारखा नव्हता. ह्या बाईने १८३२ च्या सुमारास काचेच्या पेट्या करविल्या, समुद्रात बुडवून ठेवावयाचे पिंजरे करविले, जिवंत आर्गोनॉट त्यांत पाळले, त्यांच्या शिंपल्यांना मुद्दाम भोके पाडली आणि तो प्राणी ती भोके स्वतःच बुजवितो हे डोळ्यांनी पाहून सिद्ध केले. शिवणकामात मुरलेल्या हाताला ठिगळ ओळखण्यास अडचण पडली नसावी. पुढे तिचे पुष्कळसे संग्रह आणि चित्रे जहाज बुडाल्यामुळे समुद्रातच गेली.

ह्या दोघींच्या प्रयोगांमागे तत्त्व काय, हे सांगण्याचे काम मात्र लंडनच्या दोन पुरुषांकडे गेले. डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड ह्यांनी १८२९ मध्ये एका बंद बाटलीत पतंगाचा कोश ठेवला होता. पतंग बाजूलाच राहिला. बाटलीतील ओल्या मातीत नेचे उगवले आणि लंडनच्या धुरापासून सुरक्षित राहिल्यामुळे वाढू लागले. त्यावरून त्यांनी बंद काचपेट्या केल्या. १८४८ नंतरच्या काळात रॉबर्ट फॉर्च्यून ह्याने चीनमधून चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली ती ह्याच पेट्यांतून. दुसरे रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी १८५० मध्ये दाखविले, की गोड्या पाण्याच्या भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी ह्यांचे योग्य प्रमाण साधले तर पाणी बदलावे लागत नाही. मासा श्वास सोडतो तो वनस्पतीला उपयोगी, वनस्पती प्राणवायू देते तो माशाला उपयोगी, आणि कुजणारी पाने गोगलगायी खातात. ‘समतोल’ हा शब्द तेव्हापासून ह्या विद्येत रूढ झाला. तो जितका उपयोगी ठरला तितकाच, पुढे दिसेल त्याप्रमाणे, दिशाभूल करणाराही ठरला.

ह्यानंतर रंगभूमीवर आला तो फिलिप हेन्री गॉस. हा भाविक, एकान्तप्रिय आणि कुशल चित्रकार असलेला निसर्गाभ्यासक. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात मे १८५३ मध्ये जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्याला गॉसने समुद्री जीव पुरविले. आणि १८५४ मध्ये ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक प्रसिद्ध करून त्याने हा शब्द घरोघर पोहोचविला. लॅटिन भाषेत ह्या शब्दाचा संबंध गुरांच्या पाणवठ्याशी आहे, ही गंमत तेव्हा फारशी कोणी मनावर घेतली नाही. मराठीतील ‘मत्स्यालय’ हा शब्द त्याहून सुबोध खरा; पण प्रवाळ, समुद्रफुले आणि खेकडे ह्यांना त्यात जागा राहत नाही.

गॉसचे आणखी एक काम आहे, आणि इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथे बसून समुद्राचा विचार करणाऱ्यास ते विशेष महत्त्वाचे वाटेल. त्याने कृत्रिम समुद्रजलाची कृती दिली. समुद्राच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण तोवर झालेले होते. त्याच्या आधारे त्याने सुमारे साडेचार लिटर गोड्या पाण्यात शंभर ग्रॅमच्या आसपास साधे मीठ, थोडे एप्सम मीठ, थोडे मॅग्नेशियम क्लोराइड आणि चिमूटभर पोटॅशियम क्लोराइड अशी मिसळण केली. चुन्याचे क्षार अल्प प्रमाणात असतात म्हणून त्याने ते वगळले. समुद्रफुले आणि शैवल ह्यांचे तेवढ्यावर भागले. प्रवाळाचे भागणे शक्य नव्हते, कारण त्याचा सांगाडा चुन्याचाच असतो; पण ती उणीव लक्षात येण्यास पुष्कळ काळ जावा लागला.

इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ मध्ये उठला होता आणि आगगाड्या किनाऱ्यापर्यंत पोहोचल्या होत्या. त्यात गॉसची रंगीत चित्रांची पुस्तके हाती आली. मग काय विचारता! मध्यमवर्गीय कुटुंबेच्या कुटुंबे छिन्नी, हातोडी आणि बरण्या घेऊन ओहोटीच्या वेळी खडकांवर उतरू लागली. आणलेल्या जीवांपैकी बहुतेक आठवड्याभरात मरत. मग पुन्हा खडकांवर फेरी. युगानुयुगे कोणी हात न लावलेली किनाऱ्यावरील डबकी काही वर्षांत उजाड झाली. गॉसचा मुलगा एडमंड हा पुढे साहित्यिक म्हणून नावाजला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तात त्याने ह्या नासाडीचे वर्णन केले आहे, आणि आपल्या वडिलांना स्वतःच्या पुस्तकांचे हे फळ पाहून किती क्लेश झाले, तेही सांगितले आहे. ज्या मनुष्याने लोकांना समुद्राकडे प्रेमाने पाहावयास शिकविले, त्याच्याच शिकवणीने किनारा ओस पडला. ह्या विद्येच्या इतिहासातील ही सर्वांत दुःखद गोष्ट होय, आणि ती तेथेच संपलेली नाही.

जीव मरत होते ते का? पेटीत मासा आहे, शैवल आहे, गोगलगाय आहे. समतोल साधला आहे. तरी पाणी गढूळते आणि सारे मरते. वनस्पती प्राणवायू देते ती फक्त उजेडात, रात्री नव्हे, हे एक कारण. विल्यम अल्फर्ड लॉइड ह्या लंडनच्या व्यवसायिकाने दुसरे कारण व्यवहारातून ताडले. १८६४ मध्ये हाम्बुर्ग येथे सार्वजनिक मत्स्यालय उभारताना त्याने पाणी सतत खेळते ठेवण्याची योजना केली, आणि देखाव्याच्या पेट्यांपेक्षा कितीतरी मोठा पाण्याचा साठा अंधारात, जमिनीखाली ठेवावा असे त्याचे मत बनत गेले. मोलकरणीचे काम वाफेच्या यंत्राकडे गेले, असे म्हणता येईल.

परंतु खरा उलगडा समुद्रकाठी न होता सांडपाण्याच्या अभ्यासात झाला. १८७७ मध्ये फ्रान्समधील श्लोझिंग आणि म्युंत्स ह्या दोघांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी संथपणे झिरपू दिले. प्रथम काहीच घडले नाही. काही दिवसांनी मात्र पाण्यातील अमोनिया नाहीसा होऊन त्याचे नायट्रेट होऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ती क्रिया थांबली. क्लोरोफॉर्मने दगड बेशुद्ध पडत नाही. तेव्हा हे काम कोणा सजीवाचे, हे उघड झाले. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की ह्यांनी १८९० च्या सुमारास ते जिवाणू वेगळे काढून दाखविले. एक गट विषारी अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतो. मत्स्यपेटीचा खरा कारभारी हाच. तो खडकाच्या व वाळूच्या पृष्ठभागावर वस्ती करतो, आणि त्याची वस्ती पुरेशी वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. नवशिका मनुष्य पहिल्याच दिवशी पेटीत पाच-सहा मासे सोडतो आणि आठवड्याने ते का मेले म्हणून हळहळतो. त्याच्या दुःखाचे कारण ह्या चार-सहा आठवड्यांत आहे.

थिनबाईंचे प्रवाळ थंड समुद्रातील होते. त्यांना अन्न लागे, उजेडाची गरज नव्हती. उष्ण समुद्रात भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांची गोष्ट निराळी आहे, हे विसाव्या शतकात कळले. १९२८-२९ मध्ये मॉरिस यंग ह्यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक तुकडी ऑस्ट्रेलियाजवळच्या लो आइल्स बेटांवर वर्षभर राहिली. प्रवाळाच्या पेशींत सोनेरी-तपकिरी रंगाचे सूक्ष्म शैवल राहते, आणि प्रतिकूल परिस्थितीत प्रवाळ ते बाहेर टाकून देते, हे त्यांच्या निरीक्षणांत आले. पालाऊ बेटावरील जपानी संशोधनकेंद्रात सिरो कावागुती ह्यांनी १९४४ मध्ये ह्या शैवलाचे कुळ निश्चित केले. हे शैवल उजेडात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. म्हणजे प्रवाळ हा प्राणी खरा, पण त्याची चूल सूर्यावर पेटते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातील मंद उजेडात तो उपाशी मरतो. एका दिवसात नव्हे, तर हळूहळू, आणि म्हणूनच पाळणाऱ्याला कारण कळत नाही.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते उघडले, तेव्हा जगभर हीच स्थिती होती. मासे जगविता येत. भित्तीचे प्रवाळ घरच्या पेटीत जगविणे दुरापास्त होते. पेटीत दिसत ते बहुधा प्रवाळांचे धुऊन पांढरे केलेले सांगाडे.

कोंडी फुटली ती जकार्ता शहरात. ली चिन एंग नावाचे एक गृहस्थ समुद्रातील भित्तीवरचे खडक, त्यांवरच्या साऱ्या सूक्ष्म जीवसृष्टीसह, ओलेच उचलून पेटीत ठेवीत. तळाशी वाळू, वर सूर्यप्रकाश, आणि पाणी हलविण्यास हवेचे बुडबुडे. गाळणी नाही की औषध नाही. १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात त्यांचा लेख आला. त्या काळी पेटी जितकी निर्जंतुक तितकी चांगली, असा समज होता. लींचे म्हणणे नेमके उलट होते. जकार्तात समुद्र जवळ होता, ऊन बारमाही होते. थंड देशांत ह्याचे अनुकरण करणाऱ्यांना वाटेतच कुजलेले खडक मिळाले आणि पद्धत बदनाम झाली. तरीही ‘जिवंत खडक’ ही कल्पना टिकली, आणि आजच्या घरगुती प्रवाळपेटीचा पाया तीच आहे.

तो पाया पक्का केला जर्मनभाषी छांदिष्टांनी. १९६० च्या दशकात तिकडे फेस काढणारे यंत्र घरगुती पेटीस जोडले जाऊ लागले. उभ्या नळीत बारीक बुडबुडे सोडले की पाण्यातील सेंद्रिय मळ त्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतो आणि वाटीत जमतो. लाट फुटते तेव्हा किनाऱ्यावर पिवळट फेस साचतो, तोच हा प्रकार. मळ कुजण्यापूर्वीच बाहेर पडतो, हे त्यातील मर्म. पीटर विल्केन्स ह्यांनी १९७० च्या दशकात आणखी एक साधा उपाय रूढ केला. प्रवाळ वाढू लागला की पाण्यातील चुना संपतो. तो भरून काढण्यासाठी त्यांनी पेटीत चुन्याची निवळी घालावयास सांगितले. आपल्या शाळांतून कर्बद्विप्राणिल वायू ओळखण्यासाठी जी निवळी वापरतात, तीच ही. गॉसने वगळलेला चुना सव्वाशे वर्षांनी असा परत आला. निवळी तीव्र असते, म्हणून रात्रीच्या वेळी थेंबाथेंबाने सोडावी लागते. पेलाभर एकदम ओतणारा सकाळी पश्चात्ताप करतो. बर्लिनमधील मंडळींनी जिवंत खडक, फेसयंत्र, प्रखर दिवे आणि निवळी ह्यांचा मेळ घातला, आणि १९८० च्या दशकात भित्तीचे नाजूक प्रवाळ घरात वाढू लागले. त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर अ‍ॅडी ह्यांनी शैवलाकडूनच पाणी शुद्ध करवून घेणारी निराळी पद्धत यशस्वी केली. एकच मार्ग खरा, असे ह्या विद्येत म्हणता येत नाही.

आज एखाद्याने लहानशी खाऱ्या पाण्याची पेटी मांडावयाची ठरविली, तर ह्या इतिहासातून त्याला लागणारे जवळजवळ सारे हाती येते. पेटी फार लहान नसावी. शंभर लिटरच्या आसपासची बरी, कारण पाणी जितके थोडे तितके ते लवकर बिघडते. तयार समुद्रमीठ शुद्ध पाण्यात, एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम ह्या मानाने, विरघळवावे. पेटीतील पाणी वाफेने उडते तेव्हा मीठ मागे राहते, म्हणून उणीव भरताना नेहमी गोडे पाणीच घालावे. ह्या एका गोष्टीत फार चुका होतात. तापमान २५-२६ अंश असावे. युरोपीय पुस्तके पाणी तापविण्याच्या उपकरणांविषयी पानेच्या पाने लिहितात. नागपूर-हैदराबादच्या उन्हाळ्यात प्रश्न निवविण्याचा असतो. पेटीच्या तोंडावर छोटा पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात. माठातील पाणी गार होते त्याच न्यायाने. आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावे. आणि आरंभीचे ते चार-सहा आठवडे पेटीत खडकाखेरीज काही दिसत नसले तरी धीर सोडू नये. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याचे तपासून मगच एखादा मासा सोडावा.

भारतात ह्यापुढे एक मर्यादा आहे, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. २००१ मध्ये भित्ती बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. समुद्रातून ते काढणे हा गुन्हा आहे, आणि सांगाड्याचा व्यापारही त्यातून सुटत नाही. समुद्रघोडेही अनुसूचीत आहेत. बाजारात कोणी काही देऊ केले तरी त्याचा उगम विचारावा आणि शंका असल्यास वनखात्याकडे चौकशी करावी. मालवणास सिंधुदुर्गाच्या आसपासच्या उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये तेथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत समुद्रात बुडालेले एक पठार आहे. त्यावर प्रवाळांची मोठी वस्ती आहे आणि ते कान्होजी आंग्र्यांच्या नावाने आंग्रिया बँक म्हणून ओळखले जाते. इंग्लंडच्या डबक्यांचे जे झाले ते येथे छिन्नी-हातोडीने होऊ नये, एवढ्यासाठी हा कायदा पुरेसा कडक आहे. तापलेल्या समुद्रावर मात्र त्याचा अंमल चालत नाही. १९९८ आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपचे प्रवाळ उष्णतेने पांढरे पडले ते कोणी हात न लावता. आपल्याकडच्या नवशिक्याने समुद्रातून काढलेल्या खडकाऐवजी सच्छिद्र कृत्रिम खडक वापरावेत. जिवाणूंना तेवढे पुरते. विदूषकमाशांची पैदास बंदिस्त टाक्यांत करण्याची पद्धत केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने विकसित केली आहे. असा पैदाशीतला मासा घेतला तर समुद्रातील एकही कमी होत नाही.

पेटीने समुद्राचे काही देणे फेडण्यास आरंभ केला आहे, तोही लंडनमध्येच. तेथील हॉर्निमन संग्रहालयातील संशोधकांनी दिव्यांच्या योगे ऋतू आणि चंद्राच्या कला ह्यांची नक्कल केली, पाण्याचे तापमान महिन्यागणिक बदलले, आणि बंद खोलीतील प्रवाळांना ठरल्या वेळी अंडी सोडावयास लावले. त्यांच्या साहाय्याने फ्लॉरिडातील एका मत्स्यालयात २०१९ मध्ये अटलांटिकमधील नामशेष होत चाललेल्या स्तंभप्रवाळाची अंडी मिळाली. थिनबाईंच्या घरापासून हॉर्निमन संग्रहालय काही मैलांवरच आहे.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. पेटीतील पाणी हलविणारे पंप विजेवर चालतात, आणि वीज जाते. पंप थांबला की काही तासांत प्राणवायू उतरू लागतो. आधी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. बॅटरीवर चालणारे हवायंत्र घरात असेल तर उत्तम. नसेल तर एक स्वच्छ तांब्या घ्यावा, पेटीतील पाणी त्यात भरावे आणि हातभर उंचीवरून बारीक धारेने पुन्हा पेटीत सोडावे. खिडकी उघडी ठेवावी. अर्ध्या-पाऊण तासाने थोडे थांबून पुन्हा आरंभ करावा, आणि घरात कोणी जागे असेल तर पाळी बदलून घ्यावी.